लक्झरी जहाजाचा पहिला दिवस: एका एसटीवाल्याचा सल्ला

आमच्याकडे खान्देशात ‘लक्झरी’ म्हणजे खासगी ट्रॅव्हल्सची बस. रात्री जेवणं उरकली की पुण्या-मुंबईकडे सुटणारी, आणि आमचे प्रवासी स्टँडच्या तोंडावरून उचलून नेणारी. मी तेहतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. त्यामुळे या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. लेकीने फोनवर “आप्पा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लक्झरीचं बुकिंग केलंय” म्हटलं, तेव्हा मी मुकाट्याने फोन सौ.च्या हातात दिला. पुढचा ‘क्रूझ’ हा शब्द तिने ऐकला.

ती पहिली सफर मुंबई-गोवा-मुंबई अशी तीन रात्रींची, गॅलरीवाल्या खोलीची. पुढे लेक-जावयांबरोबर सिंगापूरहून आणखी एक केली. आता अमळनेरात आमच्या गल्लीत कुणाचं असं बुकिंग झालं की तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतो. त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय, आणि तेही पहिल्या दिवसापुरतंच. पुढचे दिवस कुणालाही जमतात. पहिल्या दिवशी मात्र माणूस जहाजावर एसटीसारखा चढतो आणि तिथे घोटाळा होतो.

एसटीसारखा म्हणजे कसा, तर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून. आपल्या हाडात ते मुरलंय. पण जहाजावर खोली तुमच्या नावावर, पलंग तुमच्या नावावर, जेवण तर रात्री उशिरापर्यंत कुठे ना कुठे चालूच. घाई करावी अशा दोन-तीनच गोष्टी आहेत आणि नेमक्या त्याच लोक निवांत ठेवतात. त्या कोणत्या ते पुढे येईलच. बाकी सगळीकडे रुमाल खिशात राहू द्या.

आदल्या दिवशी मुंबई

सर्वात आधी हे. जहाज ज्या दिवशी सुटणार त्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचा बेत करू नका. जळगावहून रात्री अमरावती एक्सप्रेसला बसलं की पहाटे सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. कागदावर हे झकास दिसतं. पण कसारा घाटात मालगाडी अडली की सगळं गणित फसतं, हे खान्देशातल्या माणसाला मी काय सांगू? मी नियंत्रक असताना एखादी म्हातारी धापा टाकत आली तर पाच मिनिटं गाडी थांबवली आहे. जहाज थांबत नाही. सुटायच्या तास-दीड तास आधीच त्यांचं चेक-इन बंद होतं. तेव्हा एक रात्र मुंबईत भाच्याकडे काढा, फोर्टात लॉज घ्या, काहीही करा.

चेक-इन मोबाइलवर आधीच करून ठेवा. त्यात चढायची वेळ मिळते, बारा ते साडेबारा, एक ते दीड अशी. त्या वेळेलाच जा. आम्ही हौसेने दोन तास आधी गेलो आणि बाहेर उन्हात सुटकेसवर बसून राहिलो. देशातल्या देशात जाणाऱ्या सफरीला आधार कार्ड किंवा पासपोर्ट असं फोटोचं मूळ ओळखपत्र लागतं. झेरॉक्सवर काम भागत नाही. सिंगापूरहून निघणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे का ते बघा, कारण जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत तिथेच येतं. शिवाय सिंगापूरला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांचं ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं.

मोठी बॅग हमालाकडे, गोळ्या आपल्याकडे

धक्क्यावर पोचलात की मोठ्या बॅगा हमाल घेतात. त्या यंत्रातून तपासून थेट तुमच्या खोलीच्या दारात येतात. मात्र कधी, ते कुणी सांगत नाही. दुपारी दोनला आली तर नशीब, एरवी रात्रीचं जेवण होईपर्यंत वाट पाहायची. खोली क्रमांकाची कागदी पट्टी चेक-इन झाल्यावर छापता येते. ती घडी घालून हँडलला लावा, स्टेपल करा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. नुसत्या दोऱ्याने बांधलेली पट्टी तुटते आणि मग बॅग रिसेप्शनशेजारी बेवारस पडते.

माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या. सौ.नी आदल्या रात्री विचारलं होतं, मी “ठेवल्या, ठेवल्या” म्हणालो होतो. दुपारची गोळी मला रात्री पावणेआठला मिळाली, आणि तोवर मी खोली ते जिना अशा सात फेऱ्या मारल्या. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, चष्मा, ओळखपत्रं, चार्जर, एक जोडी कपडे आणि पोहणार असाल तर तो पोशाख एवढं ठेवाच. पोहण्याचं का म्हणतो ते पुढे कळेल.

आता काय नेऊ नये. इस्त्री, विजेची किटली, चाकू, मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी यांतलं काही आत जात नाही. जहाजावर सर्वात मोठी भीती आगीची, पाण्याची नंतर. आमच्या सौ.नी प्रवासातलं छोटं निरांजन आणि फुलवाती घेतल्या होत्या. काडेपेटी काढून घेतली, निरांजन परत दिलं. तीन दिवस देवापुढे ते बिनवातीचं राहिलं. सिंगापूरला जाताना तिने सेलवर चालणारा दिवा नेला. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक जहाजांवर चालत नाही. आमच्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा तपासणीच्या दाराशीच अडला. सौ.नी डबा उघडला आणि हमालापुढे धरला. त्याने कठड्यावर बसून पहिला घास घेतला आणि ठेच्याने डोळ्यांत आलेलं पाणी बाहीने पुसलं, पण डबा काही खाली ठेवला नाही.

खरी वरात निघाली ती माझ्या अडकित्त्याची. वडिलांचा पितळी अडकित्ता, पात्याच्या वर मोर, माझ्या बंडीच्या खिशात कायम असतो. यंत्राने तो पकडला. तपासणीवरचा पोरगा विशी-बाविशीचा, तो अडकित्ता उलटासुलटा करून म्हणाला, “अंकल, ये क्या है?” मला वाटलं, दाखवून दिलं की सुटलो. खिशातली सुपारी काढली आणि त्याच्यासमोर कटकन दोन केली. तो दोन पावलं मागे सरला आणि साहेबाला बोलावून आला! वीस मिनिटं गेली. शेवटी अडकित्ता पाकिटात बंद झाला, मला चिठ्ठी मिळाली, आणि परतीच्या दिवशी चिठ्ठी दाखवून तो परत मिळाला. सुपारी घरूनच कातरून न्या.

चढल्यावर आधी कुठे जायचं

आत पाऊल टाकलं की सगळी गर्दी वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे पळते. हातात बॅगा, कडेवर पोरं, ताटात डोंगर. इथे रुमाल खिशात. पहिल्या दिवशी अनेक जहाजांवर खालचं मोठं जेवणघरही दुपारी उघडं असतं. तिथे पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसवून वाढतात आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. दाराशी उभ्या माणसाला विचारा, तो सांगतो.

पण जेवायच्या आधी दोन कामं. पहिलं, सुरक्षेची कवायत. खोलीच्या कार्डावर एक अक्षर-आकडा छापलेला असतो, ते तुमचं जमायचं ठिकाण. काही जहाजांवर हल्ली मोबाइलवर किंवा खोलीतल्या टीव्हीवर चित्रफीत बघायची, मग त्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवायचं, झालं. तसं असेल तर चढल्या चढल्या उरकून टाका. चार वाजता तिथेच रांग लागते. काही ठिकाणी अजून जुनी रीत आहे, म्हणजे भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम जमायचं.

आमच्या पहिल्या सफरीत तसंच होतं. सौ. नुकत्याच आडव्या झाल्या होत्या. भोंगा सुरू झाला आणि त्या ताडकन उठून बसल्या, “काय व्हयनं हो? बुडी राह्यनं का जहाज?” मी म्हटलं, “नही वं, सराव शे.” तरी पर्स छातीशी धरूनच त्या खाली आल्या. तो भोंगा लक्षात ठेवा: सात छोटे आणि शेवटी एक लांब. जगात कुठल्याही जहाजावर धोक्याची खूण तीच. एसटीत एक घंटी थांबा, दोन घंट्या चला, तसं हे. अनेकजण कवायतीत टंगळमंगळ करतात, सेल्फी काढतात, मला ते बघवत नाही. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा ३२ माणसं गेली, आणि त्या जहाजावरच्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण त्या वेळी चढल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चालायची. २०१५पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच कवायत झाली पाहिजे. तेव्हा गंमत म्हणून नाही, रस्ता पाठ करायला जा. खोलीतून जमायच्या ठिकाणी जिन्याने जाऊन बघा, कारण आग लागली की लिफ्ट वापरायची नसते.

दुसरं काम म्हणजे आरक्षणं. इथे मात्र खुशाल रुमाल टाका. रात्रीचे कार्यक्रम, जास्तीचे पैसे घेणारी खास उपाहारगृहं, मसाज आणि बंदरावर उतरून करायच्या सहली यांच्या चांगल्या वेळा पहिल्या दोन-तीन तासांत संपतात. चढायच्या आधी मोबाइलवर होत असेल तर उत्तम. नसेल तर लोक बुफेत असताना तुम्ही काउंटरवर उभे राहा. शाकाहारी, जैन किंवा मधुमेहाचं जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळी सांगितलेलं असलं तरी जेवणघराच्या मुख्य वाढप्याला आजच पुन्हा सांगा. नाव आणि खोली क्रमांक तो वहीत लिहून घेईपर्यंत हलू नका.

आणि पोहायचं म्हणत होतो ते हे: पहिल्या दिवशी दुपारी तलाव रिकामा असतो. अर्धं जहाज जेवत असतं, उरलेलं बॅगेची वाट बघत असतं. माझा नातू सिंगापूरच्या सफरीत तासभर एकटा डुंबला. दुसऱ्या दिवशी त्याच तलावात आपल्या बोरी नदीच्या डोहावर उन्हाळ्यात असते तशी दाटी.

खोली

खोल्या साधारण एक-दोनच्या सुमारास उघडतात. दार लागलं की आधी पलंगाखाली बघा. रिकाम्या सुटकेसी तिथे जातात, त्यासाठीच पलंग उंच असतो. भिंती पत्र्याच्या असतात, म्हणून घरून चार चुंबकाचे हुक न्या. टोपी, पिशवी, ओला नॅपकिन सगळं भिंतीला टांगता येतं. हा शोध माझ्या जावयांचा, मी फक्त मिरवतो.

न्हाणीघराचा उंबरा वीतभर उंच असतो. रात्री झोपेत त्याच्यावर अंगठा आपटला की पंढरपूर दिसतं. संडास हवेच्या दाबाने ओढणारा असतो. झाकण बंद करून मगच बटण दाबा, नाहीतर आवाजाने पोरं रडतात. परदेशी जहाजावर पाण्याचा फवारा असेलच असं नाही, तेव्हा एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका. लाजू नका, निम्मे भारतीय नेतात आणि उरलेले दुसऱ्या दिवशी उसना मागतात.

गॅलरीचं दार उघडं ठेवलं की बहुतेक ठिकाणी एसी बंद पडतो. त्याहून महत्त्वाचं, ते उघडं असताना खोलीचं मुख्य दार उघडलं तर वारा दार असं आपटतो की बोटं जातील. एका वेळी एकच दार उघडा. गॅलरीतून खाली काहीही टाकायचं नाही, निर्माल्यही नाही. सौ.ना हे पटवायला वेळ लागला, कारण तापीच्या पुलावरून गाडी गेली की नाणं टाकायची आमची पिढी.

बाहेर पडलात की खोलीचा मजला आणि जिना लक्षात ठेवा. बोळ दोन्हीकडे सारखेच, लांबच लांब. बहुतेक जहाजांवर एका बाजूला सम आकडे आणि दुसऱ्या बाजूला विषम, हे कळलं की निम्मी पायपीट वाचते.

पैसे आणि फोन

जहाजावर नोटा चालत नाहीत. खोलीचं कार्डच सगळीकडे चालतं आणि शेवटी बिल येतं. त्यासाठी पहिल्या दिवशी रिसेप्शनवर आपलं क्रेडिट कार्ड जोडा किंवा रोख अनामत भरा. साधं जेवण, चहा, पाणी भाड्यात आलं, तरी थंड पेयं, खास उपाहारगृहं, वाय-फाय हे सहसा वेगळं. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधलं फुकट नसतं. नातवाने दोन कॅन फोडले, त्याचे डॉलर माझ्या नावावर पडले. रोज संध्याकाळी टीव्हीवर किंवा रिसेप्शनला हिशेब बघा. कंडक्टर रोज वेबिल जुळवतो, तसं.

किनारा दिसतोय तोवर घरी फोन करून घ्या, मग मोबाइल विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं. फोन चुकून त्याला जोडला गेला आणि एखादा साधा कॉल घेतला, तरी महिनाभराच्या रिचार्जपेक्षा जास्त रक्कम लागू शकते.

सुटताना

जहाज सुटायच्या अर्धा तास आधी उघड्या डेकवर जा. मुंबईहून जहाज बंदराबाहेर दक्षिणेकडे निघतं, म्हणजे तोंड पुढे केलं तर उजवीकडे मुंबई. खोली उजव्या अंगाला मिळाली असेल तर गॅलरीतूनही ताज, गेटवे, कुलाबा सगळं एका ओळीत सरकताना दिसतं. डावीकडे उरणची बाजू. सूर्य शहराच्या मागे उतरत असतो. आम्ही डेकवर गेलो तेव्हा बँड वाजत होता, पोरं नाचत होती. मी मात्र कठड्याला टेकून एकच गोष्ट शोधत होतो, कारण जावयांनी सांगून ठेवलं होतं.

बंदरातून जहाज बाहेर काढायला तिथला पायलट चढतो. कप्तान कितीही मोठा असो, बंदरातला उथळ-खोल भाग त्या पायलटला पाठ असतो. बाहेर पडलं की एक छोटी बोट जहाजाला बिलगून चालू लागते, जहाजाच्या पोटातलं एक दार उघडतं आणि तो माणूस दोरीच्या शिडीवरून उतरून त्या बोटीत पाय टाकतो. दोन्ही चालत्या! खाली पाणी वरखाली होतंय, आणि हा एका हाताने शिडी सोडून बोटीचा कठडा धरतो. मला कसाऱ्याचं बँकर इंजिन आठवलं. घाट चढवायला मागे लागतं आणि इगतपुरीला मुकाट सुटून जातं. गाडीतल्या कुणाला त्याचं नावगाव ठाऊक नसतं. त्या बोटीने वळण घेतलं तेव्हा मी हात केला. त्याने केला की नाही, अंधारात दिसलं नाही.

पहिली रात्र

मोठ्या जेवणघरात रात्री हाफ चड्डी आणि स्लिपर चालत नाही. साधा शर्ट-पँट, कुर्ता, साडी सगळं चालतं. सूट शिवायच्या भानगडीत पडू नका. गोव्याची मासळी, इटलीचं काय काय सगळं पुढ्यात येईल, तरी पहिल्या रात्री जपून खा. जहाज उघड्या समुद्रात गेलं की पोटाला ते कळतं. ज्याला घाटात मळमळतं त्याने डॉक्टरांना विचारून अव्होमिनसारखी गोळी आधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर ते मुद्दाम विचारा. अव्होमिनने झोपही येते. नुसतं आलं चघळणं, उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघत उभं राहणं, हेही लागू पडतं. बुकिंगच्या वेळीच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घेतली असेल तर हेलकावे कमी. आमच्या शालकांनी हट्टाने पुढच्या टोकाची वरची खोली घेतली होती. रात्रभर ते रेडा हाकावा तसे पलंगाला धरून होते.

खोलीवर आलात की पलंगावर उद्याचा कागद असतो किंवा मोबाइलवर कार्यक्रम येतो. तो झोपायच्या आधी वाचा आणि जहाजाचं घड्याळ बघा. परदेशी सफरीत ते मोबाइलच्या घड्याळापेक्षा वेगळं असू शकतं, आणि बंदरावरून परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजतात. हात साबणाने धुवायची सवय आजपासूनच लावा. जहाजावर पोटाचा आजार एकाला झाला की पसरतो, आणि नुसत्या सॅनिटायझरने त्याचे जंतू नीट जात नाहीत.

दिवे मालवले आणि कपाटात टकटक सुरू झाली. जहाज एका अंगाला कललं की टक, दुसऱ्या अंगाला कललं की टक. सौ. म्हणाल्या, बघा काय ते. हँगर होते, रिकामे, एकमेकांवर आपटणारे. एसटीच्या खिडकीची काच वाजायला लागली की फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. मी उठलो, हात पुसायचा टॉवेल हँगरांच्या मध्ये घट्ट दाबून बसवला आणि झोपलो.